अपग्रेडनंतरची पहिली तक्रार शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० च्या नियमित सुरक्षा सुधारणा थांबल्या आणि मीरा रोडमधल्या कितीतरी धडधाकट पीसींचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१८ च्या पुढचा लागतो. शांतीनगर, शीतल नगर, पूनम सागर भागातल्या क्लासेसमध्ये, सोसायट्यांच्या ऑफिसांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि काशीमिऱ्याच्या गाळ्यांत चालणारी बरीच मशीनं त्याआधीची आहेत. त्यातल्या काहींवर लोकांनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट चढवलं. जे आधीपासून उबुंटूवर होते त्यांचीही वेळ आलीच होती, कारण एप्रिल २०२० मध्ये आलेल्या २०.०४ या आवृत्तीची पाच वर्षं मे २०२५ मध्ये भरली. तिथून पुढे जायचं तर २२.०४ आणि मग २४.०४, अशा दोन टप्प्यांत जावं लागतं. मधली पायरी गाळता येत नाही.

अपग्रेड संपतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि एररची चौकट समोर येते. किंवा प्रिंटर बंद पडतो. किंवा स्क्रीन काळीच राहते. अशा वेळी ‘फॉरमॅट मारून नवीन टाका’ हा सल्ला कुणीही देतं. मला तो सल्ला मनापासून चुकीचा वाटतो. अपग्रेडनंतरच्या बहुतेक एररचं मूळ एका छोट्या जागी असतं आणि ते कुठे आहे हे मशीन स्वतःच सांगत असतं. फक्त सगळ्यात शेवटची ओळ न वाचता सगळ्यात पहिली तक्रार शोधायला हवी.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. सिस्टिममध्ये बदल करणाऱ्या कमांडच्या आधी ‘सुडो’ लागतं.

सर्वांत जास्त घाबरवणाऱ्या पण बहुधा सर्वांत निरुपद्रवी चौकटीपासून सुरुवात करू. उबुंटूवर लॉगिन केल्या केल्या ‘सिस्टिम प्रोग्रॅम प्रॉब्लेम डिटेक्टेड’ असं लिहिलेली खिडकी येते आणि अडचण कळवायची का, असं विचारते. ही खिडकी अ‍ॅपोर्ट नावाचा प्रोग्रॅम दाखवतो. एखादा प्रोग्रॅम कोसळला की त्याचा अहवाल /व्हार/क्रॅश या फोल्डरमध्ये ठेवला जातो आणि अ‍ॅपोर्ट तो पाहून तुम्हाला विचारतो. मेख अशी की अपग्रेड चालू असताना जुना प्रोग्रॅम आणि नवी लायब्ररी काही काळ एकत्र नांदतात. त्या गडबडीत एखादी सेवा एकदाच कोसळते, पुढे सगळं सुरळीत होतं, पण तिचा अहवाल फोल्डरमध्ये पडून राहतो आणि तीच खिडकी पुन्हा पुन्हा येत राहते. म्हणून आधी ‘एलएस -एल /व्हार/क्रॅश’ करून तारखा बघा. फाइलच्या नावातच प्रोग्रॅमचा पत्ता असतो, फक्त स्लॅशच्या जागी खालची रेघ असते. सगळ्या फाइल अपग्रेडच्या दिवसाच्या असतील तर नावं टिपून घ्या, त्या काढून टाका आणि रीस्टार्ट करा. पुन्हा त्याच नावाची ताजी फाइल तयार झाली तर तो प्रोग्रॅम आजही कोसळतो आहे, आणि शोध तिथूनच सुरू करायचा. नुसती खिडकी नको म्हणून अ‍ॅपोर्टच बंद करून टाकणारे बरेच असतात. ते घाईचं ठरतं, कारण उद्या खरंच काही बिघडलं तर सांगणारं कुणी उरत नाही.

आता अपग्रेड अर्धवट राहिलं असेल तर. टर्मिनलवर शेकडो ओळी सरकत जातात आणि शेवटी एक ओळ थांबते: ‘सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड अ‍ॅन एरर कोड १’. लोक ही ओळ जशीच्या तशी नेटवर शोधतात आणि शंभर वेगळे उपाय सापडून गोंधळतात. साहजिक आहे. पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला कुठलीही अडचण आली, तरी त्याला कामाला लावणारं एपीटी शेवटी हीच ओळ छापतं. तिच्यातून एवढंच कळतं की काम अडलं. कशामुळे अडलं ते वर आहे.

एक खरं दिसणारं उदाहरण जवळून पाहू. त्या शेवटच्या ओळीच्या वर ज्या पॅकेजांचं काम अडलं त्यांची यादी असते, समजा इनिटरॅमएफएस-टूल्स आणि लिनक्स-इमेज. आणखी वर गेलात की अपडेट-इनिटरॅमएफएस अयशस्वी झालं असं दिसतं. त्याच्याही वर, सहज नजरेतून सुटेल अशी ओळ असते: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. म्हणजे जागा संपली. ही पहिली तक्रार, बाकी सगळ्या तिच्याच पोटच्या. स्क्रीनवरची ओळ निसटली असेल तर तीच सगळी कहाणी /व्हार/लॉग/एपीटी मधल्या टर्म.लॉग या फाइलमध्ये असते, आणि मोठ्या आवृत्ती-बदलाच्या नोंदी /व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड या फोल्डरमध्ये. फाइल उघडून ‘एरर’ हा शब्द वरून खाली शोधत या. खालून वर नको.

जागा संपली असं म्हटलं की लोक डाउनलोडमधले सिनेमे उडवायला लागतात. इथे तो उपाय लागू पडत नाही. ‘डीएफ -एच’ कमांड दिली की प्रत्येक भागात किती जागा आहे ते दिसतं, आणि मुख्य डिस्कवर शंभर जीबी मोकळे असूनही /बूट हा वेगळा भाग शंभर टक्के भरलेला दिसू शकतो. डिस्क एन्क्रिप्ट करून बसवलेल्या मशीनवर /बूट वेगळा असतो आणि जुन्या मशीनवर तो जेमतेम पाचशे-सातशे एमबीचा. प्रत्येक कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, तिथे मशीन सुरू होताना लागणारी एक इनिटआरडी फाइल बसते, ती अनेकदा शंभर एमबीच्या आसपास जाते. तीन-चार जुने कर्नल साठले की खेळ खलास.

उपाय करण्याआधी ‘यूनेम -आर’ देऊन आत्ता कोणता कर्नल चालू आहे ते कागदावर लिहा. त्याला हात लावायचा नाही. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ चाललं तर उत्तम, जुने कर्नल तेच काढेल. पण अर्धवट अवस्थेत एपीटी स्वतःच अडून बसलेलं असतं. अशा वेळी सर्वांत जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल /बूटमधून तुमच्या होम फोल्डरमध्ये हलवा. हलवा, पुसू नका. जागा झाली की ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या, अडलेली कामं पुरी होतील. मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, मग ऑटोरिमूव्ह. एवढं झाल्यावर रीस्टार्ट करा, आधी नको. अर्धवट कर्नलवर रीस्टार्ट केलं तर मशीन सुरूच न होण्याची शक्यता असते.

आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, आणि अपग्रेडच्या मधोमध लाइट जाणं हे एररचं मोठं कारण आहे. उबुंटूचं अपग्रेड आधी सगळी पॅकेजं उतरवून घेतं आणि मग बसवायला लागतं. उतरवताना नेट तुटलं तर फारसं बिघडत नाही, पुन्हा सुरू करता येतं. म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाच्या दीड-दोन जीबीत हे काम उरकायचा प्रयत्न फसला तरी मशीन शाबूत राहतं. बसवताना वीज गेली की मात्र अर्धी पॅकेजं नवी आणि अर्धी जुनी अशी अवस्था होते. परत सुरू झाल्यावर वरच्याच दोन कमांड, म्हणजे कॉन्फिगर -ए आणि फिक्स-ब्रोकन, त्याच क्रमाने द्यायच्या. बहुतेक वेळा मशीन तेवढ्याने सावरतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि काढायचंच तर रविवारी सकाळी. रात्री साडेनवाच्या लोकलने घरी येऊन झोपेच्या डोळ्यांनी तर मुळीच नको.

याच टप्प्यावर अनेकांना ‘कुड नॉट गेट लॉक’ ही एरर येते आणि इंटरनेटवरचा कुणीतरी सांगतो की लॉकची फाइल उडवा. उडवू नका. त्या ओळीत कोणत्या क्रमांकाच्या प्रोसेसने लॉक धरलं आहे हेही छापलेलं असतं. बहुतेक वेळा ती पार्श्वभूमीला चालणारी अनअटेंडेड-अपग्रेड्स असते, तुमच्याच सुरक्षा सुधारणा बसवत असते. चहा घेऊन या. लॉक तोडलं तर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहायला लागतात आणि तो बिघाड दुरुस्त करणं फार अवघड जातं.

जुन्या मशीनवर आणखी एक एरर हमखास भेटते, जिचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नसतंच. एपीटी अपडेट दिलं की ते म्हणतं, रिलीज फाइल अजून वैध नाही, अमुक दिवसांनी होईल. ब्राउझरही प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला नावं ठेवतो. तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की मशीन बंद असताना घड्याळ थांबतं. नेट लागल्यावर वेळ जुळते, पण त्याआधीच एपीटीने तोंड उघडलेलं असतं. ‘टाइमडेटसीटीएल’ ही कमांड घड्याळ जुळलं आहे की नाही ते सांगते. सेल स्टेशनजवळच्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदला, बायोसमध्ये तारीख लावा, आणि एपीटी पुन्हा चालवा. क्लासमधल्या दहा मशीनांवर ही एरर एकत्र आली तर त्या मशीनांचं वय एकच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बाहेरच्या रिपॉझिटरींचं प्रकरणही असंच सरळ आहे. ब्राउझर, दूरस्थ मदतीचे प्रोग्रॅम, एखादं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर यांनी आपापले पत्ते /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमध्ये टाकलेले असतात. आवृत्ती बदलताना उबुंटू ते पत्ते स्वतःहून बंद करतं. नंतर एकेक चालू करा. सगळे एकदम नको, नाहीतर कोणता बिघडवतो ते कळणार नाही. ‘नो_पबकी’ आलं तर त्या कंपनीची सही तपासायची किल्ली नव्याने घ्यावी लागते. किल्ली जुन्या ठिकाणी साठवली आहे, अशी सूचना मात्र फक्त सूचना आहे. तिच्याने काही अडत नाही. ‘वॉर्निंग’ आणि ‘एरर’ यांतला फरक ओळीच्या पहिल्याच अक्षरात असतो. एपीटी सूचनेच्या आधी डब्ल्यू छापतं आणि एररच्या आधी ई.

मशीन सुरू झालं आहे, पण काहीतरी खटकतं आहे, अशा वेळी दोन कमांड पुरतात. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ ही न चाललेल्या सेवांची यादी देते आणि बऱ्याचदा एकाच ओळीत उत्तर मिळतं. दुसरी ‘जर्नलसीटीएल -बी -पी ३’. यातलं ‘-बी’ म्हणजे आत्ताच्या सुरुवातीपासूनच्या नोंदी. ० ते ७ अशा आठ पायऱ्यांत ३ म्हणजे एरर, आणि हा आकडा दिला की ० ते ३ एवढंच दिसतं, बाकीचा गलबला गळतो. मागच्या वेळी मशीन सुरू होताना काय झालं ते बघायचं तर ‘-बी -१’.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ठणठणीत लिनक्स मशीनवरही लाल अक्षरांतल्या काही ओळी असतातच. एसीपीआय बायोस एरर, ब्लूटूथची एखादी कुरकुर, लॉगिनच्या वेळी कीरिंगची नियंत्रण फाइल सापडली नाही ही तक्रार, या कित्येक मशीनांवर वर्षानुवर्षं दिसतात आणि त्यांचा कामावर काहीही परिणाम होत नाही. एसीपीआयची एरर तर बहुधा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या बायोसमधली उणीव असते. तुमच्या तक्रारीची आणि त्या ओळीची वेळ जुळते का, हे बघा. प्रिंटर ११ वाजून ४ मिनिटांनी अडला असेल तर ११ वाजून ४ मिनिटांच्या नोंदी वाचा. सकाळी नऊच्या लाल ओळीने त्याचं काही केलेलं नाही. शक्य असेल तर अपग्रेडच्या आधीच जर्नलसीटीएलची ही कमांड चालवून निघालेलं सगळं एका फाइलमध्ये ठेवून द्या. नंतर कोणत्या ओळी नव्या आहेत ते लगेच कळेल.

प्रिंटरचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडं थांबू, कारण झेरॉक्सच्या दुकानाचा आणि सीएच्या ऑफिसचा जीव त्यातच असतो. एचपी लेझरजेट १०२० हा छोटा प्रिंटर आपल्या भागात अजून सर्वत्र दिसतो, आणि उबुंटू अपग्रेड केलं की तो हटकून गप्प बसतो. बिघडलेला नसतो. या प्रिंटरचं फर्मवेअर त्याच्या पोटात कायमचं नसतं. प्रत्येक वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते त्याला पाठवावं लागतं. लिनक्सवर हे काम एचपीएलआयपी हे सॉफ्टवेअर एका वेगळ्या प्लगइनच्या मदतीने करतं, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीएलआयपीच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. उबुंटू २२.०४ मध्ये एचपीएलआयपी ३.२१.१२ होतं, २४.०४ मध्ये ते ३.२३.१२ झालं. एचपीएलआयपी आपोआप नवं झालं, प्लगइन जुनंच राहिलं. म्हणून रांगेत काम दिसतं, ‘फिल्टर फेल्ड’ असं लिहून येतं आणि कागद काही बाहेर येत नाही. प्रिंटर काढून पुन्हा जोडल्याने यात फरक पडत नाही. नेट चालू ठेवून टर्मिनलवर ‘एचपी-प्लगइन’ द्या, तो योग्य आवृत्ती उतरवून घेईल. मग प्रिंटर बंद करून चालू करा, म्हणजे नवं फर्मवेअर त्याच्यात जाईल. त्याच प्रिंटरसाठी कुणी पूर्वी एफओओ२झेडजेएस हा दुसरा ड्रायव्हर बसवला असेल तर दोन्ही एकत्र ठेवू नका, एकच निवडा.

कॅननचा एलबीपी २९०० वापरणाऱ्यांचं दुखणं निराळं. त्याचा ड्रायव्हर उबुंटूसोबत येत नाही आणि त्याला सीसीपीडी नावाची सेवा चालू असावी लागते. अपग्रेडनंतर आधी तीच सुरू आहे का बघा. ऑफिस पूर्णपणे त्या एका प्रिंटरवर चालत असेल तर त्या मशीनचं अपग्रेड करण्याआधी दुसऱ्या एखाद्या मशीनवर त्याची चाचणी घ्या.

स्क्रीन काळी राहते तेव्हा दोष बहुतेक वेळा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो आणि फार जुन्या कार्डांचे ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधलेच जात नाहीत. मशीन सुरू होताना एस्केप बटण एकदाच दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. मेन्यूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून मागचा कर्नल निवडा. त्यावर स्क्रीन आली तर निदान पक्कं झालं. आता ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’ ही कमांड तुमच्या कार्डाला कोणता ड्रायव्हर सुचवते ते बघा. काहीच सुचवत नसेल तर एनव्हिडियाची पॅकेजं काढून टाका, मुक्त-स्रोत नूव्हो ड्रायव्हर आपसूक लागेल. टायपिंग आणि नेटसाठी तो पुरतो. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं दिसलं तर सिक्युअर बूटने ड्रायव्हरची सही नाकारली आहे. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा बसवताना तो पासवर्ड मागतो, आणि पुढच्या रीस्टार्टला येणाऱ्या निळ्या पडद्यावर तोच देऊन किल्ली नोंदवावी लागते. हा निळा पडदा व्हायरस समजून लोक घाईघाईने पुढे जातात आणि किल्ली नोंदवायची राहते.

ऑनलाइन शिकवणाऱ्यांची तक्रार असते की अपग्रेडनंतर स्क्रीन शेअर होत नाही, किंवा दूरून मदत करणारा प्रोग्रॅम काळा चौकोन दाखवतो. उबुंटू २२.०४ पासून बहुतेक मशीनांवर वेलँड हे नवं पडदा-तंत्र आपोआप लागतं. लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडल्यावर खाली कोपऱ्यात दात्यांचं चाक दिसतं, तिथून जुन्या तंत्राचं ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडा. २२.०४ आणि २४.०४ दोन्हींत ही सोय आहे.

इंजिनीअरिंगच्या मुलांना भेटणारी एरर वेगळीच. प्रोजेक्टसाठी पायथॉनच्या पिपने काही बसवायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ असं म्हणून पायथॉन नकार देतं. हा बिघाड नाही, संरक्षण आहे. उबुंटूचे स्वतःचे कितीतरी भाग पायथॉनवर चालतात, त्यांच्या लायब्रऱ्यांत पिपने ढवळाढवळ करू नये म्हणून डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून ही आडकाठी घातली आहे. त्याच संदेशात ती ओलांडायचा रस्ताही दिलेला असतो, ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ या नावाने, आणि नावातच इशारा आहे. तो वापरू नका, ‘पायथॉन३ -एम व्हेन्व्ह’ ने प्रोजेक्टपुरतं वेगळं घर बांधा. जुनी घरंही मोडतात. २२.०४ वर पायथॉन ३.१० होतं, २४.०४ वर ३.१२ आहे. त्यामुळे आधीचे व्हेन्व्ह पुसून लायब्रऱ्यांच्या यादीवरून नव्याने बांधायचे. डिस्टयूटिल्स सापडत नाही अशी ओरड आली तर ते ३.१२ मधून काढूनच टाकलं आहे, जुन्या लायब्ररीची नवी आवृत्ती शोधा. पीएचपीवाल्यांनी अपाचेमध्ये जुना ८.१ चा मॉड्यूल बंद करून ८.३ चा चालू केला की साइट उघडते. पोस्टग्रेएसक्यूएलचा डेटा १४ वरून १६ वर आपोआप जात नाही, तो ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ ने हलवावा लागतो. तोवर जुनं पॅकेज काढू नका.

आता एक एरर अशी, जिथे दुरुस्ती थांबवायची असते. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असं दिसलं, जर्नलमध्ये ‘आय/ओ एरर’ आणि डिस्कचं नाव पुन्हा पुन्हा आलं, तर अपग्रेडला दोष देऊ नका. अपग्रेडने हजारो फाइल लिहिल्या आणि मरायला टेकलेली डिस्क उघडी पडली. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा, शक्यतो पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालवून. मगच ‘स्मार्टसीटीएल -ए’ देऊन डिस्कची प्रकृती बघा, त्यासाठी स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज लागतं. बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर डिस्क बदला. पण फक्त यूडीएमए सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा असतो. केबल बदलून बघा, डिस्क वाचेल. मीरा रोडला मिळाली नाही तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर हमखास मिळते. लाइट गेल्यामुळे फाइल सिस्टिममध्ये विसंगती आली आणि मशीन ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेल्या काळ्या पडद्यावर थांबलं, तर वरच्या ओळीत कोणता भाग तपासायचा ते छापलेलं असतं. ‘एफएससीके’ म्हणजे एफ-एस-सी-के या कमांडपुढे तेच नाव देऊन तपासा, मग एक्झिट. डिस्क स्वतः दुखावलेली असेल तर मात्र हे करण्याआधी डेटा काढलेलाच हवा.

मॅक वापरणाऱ्यांनाही हे प्रकार परके नाहीत, कारण मॅकओएसही युनिक्सच. मोठ्या अपग्रेडनंतर गिट चालवायला गेलं आणि ‘एक्ससीरन’ ने डेव्हलपर पाथ चुकीचा असल्याची ओरड केली, तर ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ एवढी एक कमांड पुरते. फ्रीबीएसडीवर मोठी आवृत्ती बदलल्यावर लायब्ररी सापडत नाही असं म्हणत पॅकेज प्रोग्रॅमच चालत नाही, तेव्हा ‘पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ’ ने सगळी पॅकेजं नव्याने घ्यावी लागतात.

इतकं करूनही अडलात तर मदत मागा, पण मदत करणाऱ्याला नेमकं काय हवं असतं ते समजून मागा. मशीन मराठीत ठेवलं असेल तर एररही मराठीत येते, आणि त्या मजकुराने शोधलं तर हाती फारसं लागत नाही. कमांडच्या आधी मोठ्या अक्षरांत ‘एलसी_ऑल=सी’ लिहिलं की तेवढ्यापुरता संदेश मूळ इंग्रजीत येतो. तोच शोधा, तोच पाठवा. सोबत कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलात, कर्नल कोणता, आणि पहिल्या तक्रारीच्या वरच्या-खालच्या वीसेक ओळी द्या. फक्त शेवटच्या ओळीचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवला तर समोरचा माणूस तुम्हाला हेच सगळं विचारत बसतो. पाठवण्याआधी त्या मजकुरात पासवर्ड किंवा गिऱ्हाइकाचं नाव नाही ना, तेही बघा. लिनक्स पहिल्यापासून शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ धडे मोफत आहेत, मराठीतही आहेत. टर्मिनलवरच्या मूलभूत कमांडचे धडे आधी बघा, आणि अपग्रेडला हात त्यानंतर घाला.